टेक्निकल रायटिंग कसं शिकवायचं: एका सूचनापत्रकाचे सात टप्पे

'समोरासमोरचे दोन भाग टाका.' माती परीक्षणासाठी नमुना घेण्याच्या सूचनापत्रकात माझ्या वर्गातल्या एका गटाने हे वाक्य लिहिलं होतं. व्याकरण बिनचूक, शुद्धलेखन बिनचूक. मी त्याला बरोबरची खूणही केली होती. मग लायब्ररीतल्या काकांच्या हातात ते पत्रक दिलं आणि त्यांना मैदानावर नेलं. त्यांनी चार किलो मातीचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन उचलले आणि पिशवीत टाकले. पुढची ओळ होती, 'अर्धा किलो उरेपर्यंत हेच पुन्हा करा.' काकांनी इमानदारीने केलं. शेवटी पिशवीत साडेतीन किलो माती, कापडावर अर्धा किलो, आणि काका आमच्याकडे बघतायत.

गटाला म्हणायचं होतं, ते दोन भाग फेकून द्या. 'टाका'चे मराठीत दोन उलटे अर्थ होतात हे मुलांना दिसलं नाही आणि मलाही दिसलं नाही, कारण आम्हाला कृती आधीच माहीत होती.

बहुतेक वर्गांत टेक्निकल रायटिंग, म्हणजे एखादं काम कसं करायचं ते सांगणारं लेखन, हा विषय ठरलेल्या क्रमाने शिकवतात. पहिल्या तासाला व्याख्या, दुसऱ्या तासाला 'चांगल्या तांत्रिक लेखनाचे गुण', मग एक नमुना, मग 'आता तुम्ही लिहा', आणि शेवटी लाल पेन. मीही सुरुवातीची काही वर्षं असंच शिकवलं. मुलं स्पष्टता, संक्षिप्तता, अचूकता हे शब्द पेपरात लिहून गुण मिळवायची आणि जर्नलमधली प्रोसिजर मात्र वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी जुन्या जर्नलवरून उतरवायची. हा क्रम उलटा करावा लागतो. आधी कृती करायची, मग नोंद, मग लेखन, मग परक्या माणसाच्या हातून चाचणी, आणि दुरुस्ती त्यानंतर.

खाली जो क्रम दिलाय तो पॉलिटेक्निक, आयटीआय किंवा कृषी पदविकेच्या वर्गात सहा आठवड्यांत, आठवड्याला दोन तास धरून बसतो. ऑनलाइन वर्गासाठी काय बदलायचं ते पुढे वेगळं दिलं आहे.

वर्गात जाण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी विषय निवडा, आणि तो तुम्हीच निवडा. मुलांवर सोपवलंत तर निम्मे गट 'चहा कसा करावा' लिहितील. चहा नको, कारण वाचणाऱ्याला तो करता येतो. पत्रकातली भोकं तो स्वतःच्या डोक्यातून बुजवतो आणि लिहिणाऱ्याची चूक कधी उघडी पडत नाही. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बसवणंही नको, नवख्याच्या हातून तिथे प्रयोग करायचा नसतो. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं पहिल्या पत्रकासाठी त्रासाचं होतं, कारण प्रत्येकाच्या मोबाइलवर स्क्रीन वेगळा दिसतो आणि अर्धा तास नेटवर्कवरच जातो.

चांगल्या विषयात पंधरा-वीस कृती असतात, काम तासाभरात होतं, कुणाला इजा होत नाही आणि चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते. मातीचा नमुना घेणं यात चपखल बसतं. ज्यांना ही कृती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झाडाखालची, बांधालगतची, शेणखताच्या ढिगाजवळची, पाणी साचणारी जागा सोडायची. शेतात नागमोडी चालत दहा-बारा जागा ठरवायच्या. प्रत्येक ठिकाणी पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, हंगामी पिकांसाठी १५ ते २० सेंटीमीटर खोल. खड्ड्यातली माती बाहेर काढून टाकायची आणि उतारावरचा एकसारख्या जाडीचा काप घ्यायचा. सगळे काप एकत्र मिसळायचे, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन बाजूला काढायचे आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हे करत राहायचं. ओली असेल तर सावलीत वाळवायची. मग कापडी पिशवी आणि चिठ्ठी.

साहित्यात खुरपी, टिकाव, प्लॅस्टिकचं घमेलं, जुनी स्वच्छ चादर, मोजपट्टी, तराजू, कापडी पिशव्या आणि पेन्सिल लागते. पेनाची शाई ओलाव्याने पसरते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने.

दुसरी तयारी वाचकांची. ज्यांनी ही कृती कधी केलेली नाही असे तीन वाचक आत्ताच शोधून ठेवा. ऑफिसमधले कारकून, मेसच्या मावशी, दुसऱ्या शाखेची पहिल्या वर्षाची मुलं, कुणीही चालेल. चाचणीच्या आदल्या दिवशी शोधायला गेलात तर कुणी मिळत नाही, मग शेजारच्या बाकावरचा मित्र 'वाचक' होतो आणि सगळा खेळ संपतो.

तिसरी तयारी फाइलची. सगळ्यांनी युनिकोडमध्येच टाइप करायचं हे पहिल्याच दिवशी सांगा. कुणीतरी सायबर कॅफेतून जुन्या फाँटमध्ये टाइप करून आणतं, आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

तपासा: विषय ठरला, साहित्य आलं, तीन वाचकांनी वेळ दिला. यातलं एकही बाकी असेल तर टप्पा १ सुरू करू नका.

टप्पा १: वाचक एका वाक्यात लिहा

चार-चार जणांचे गट करा. २० मुलांच्या प्रॅक्टिकल बॅचमध्ये पाच गट होतात, तेवढे एका शिक्षकाला सांभाळता येतात.

प्रत्येक गटाने वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहायचं: कोण वाचणार, कुठे उभं राहून वाचणार, हातात काय असणार. 'सामान्य शेतकरी' हे उत्तर स्वीकारू नका. 'दहावी झालेला मुलगा, बांधावर उभा, एका हातात खुरपी, पत्रक मोबाइलवर व्हॉट्सॲपने आलेलं' हे उत्तर चालेल. त्यातून निर्णय आपोआप निघतात. एक हात अडकलेला आहे, म्हणजे त्याला पानं उलटायला लावायची नाहीत. मोबाइलवर उन्हात वाचणार आहे, म्हणजे रुंद तक्ता उपयोगाचा नाही.

या टप्प्याला पंधरा मिनिटं पुरतात, जास्त घालवू नका.

टप्पा २: आधी हाताने करा

हा टप्पा सगळे गाळतात. 'सर, नेटवर सगळं आहे' असं मुलं म्हणतात, आणि खरंच आहे. म्हणूनच करायला लावायचं. नेटवरून उतरवलेल्या मजकुरात कृती असते, पण ती करताना हात कुठे अडतो हे नसतं.

गटातल्या चौघांना कामं वाटून द्या. एक जण कृती करतो. दुसरा प्रत्येक हालचाल लिहून घेतो, तीही क्रियापदासकट: वाकला, पाला हाताने सारला, खुरपी तिरकी धरली. तिसरा फोटो काढतो. चौथ्याने फक्त 'का' आणि 'किती' विचारायचं. का सारला? किती खोल? मग अदलाबदल करून पुन्हा एकदा.

पहिल्यांदा नोंदी फार ढोबळ येतात. 'खड्डा खणला, माती घेतली' एवढ्यात वही मिटते. मी अशा वेळी करणाऱ्याला थांबवतो आणि नोंदणाऱ्याला विचारतो, 'माती कुठली घेतली? बाहेर पडलेली की भिंतीची?' तो वही बघतो. वहीत नाही. मग खड्ड्याकडे बघतो. कृतीचा गाभा तिथेच असतो: खणताना बाहेर आलेली माती नमुन्याची नसते, खड्ड्याच्या उताराचा काप नमुन्याचा असतो. नेमकं हेच वाक्य उतरवलेल्या पत्रकांतून गळालेलं असतं.

थांबा: निरीक्षणाच्या वहीत कृती करताना झालेल्या निदान दोन चुका नोंदलेल्या नसतील, तर त्या गटाने कृती मनापासून केलेली नाही. पुन्हा मैदानावर पाठवा.

याचा एक जोडफायदा म्हणजे चॅटबॉटकडून आयता मजकूर आणण्यात काही हशील उरत नाही. आणला तरी ओळखू येतो, कारण वहीतल्या चुका त्यात कुठेच नसतात.

टप्पा ३: एका वस्तूला एकच नाव

लिहायला बसण्याआधी शब्दसूची करा. पत्रकात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव डावीकडे लिहायचं आणि ते नाव पुढे बदलायचं नाही. शाळेत आपल्याला निबंधात तोच शब्द पुन्हा आला की समानार्थी वापरायला शिकवतात. इथे ती सवय घातक आहे. पत्रकात एकदा 'पिशवी', मग 'थैली', मग 'पाकीट' आलं की वाचक तीन वस्तू शोधू लागतो.

कुठलं नाव घ्यायचं? वाचकाच्या तोंडातलं. महावितरणच्या निवेदनात 'रोहित्र' असतं, अभ्यासक्रमाच्या पुस्तकात 'ट्रान्सफॉर्मर' आणि गावात 'डीपी'. शेतकऱ्यासाठी लिहिताय तर डीपी लिहा. गरज वाटली तर पहिल्या उल्लेखात एकदाच 'डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर' म्हणा आणि पुढे डीपीवर ठाम राहा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जरूर उघडा, अहवाल आणि शासकीय पत्रासाठी ते लागतातच. पण बांधावरच्या पत्रकात कोशातला शब्द आहे म्हणून बसवायचा नाही. उलट टोकही टाळा. 'सॉइल सॅम्पल कलेक्ट करा' ही मराठी नव्हे आणि त्याने कुणाचं सोपंही होत नाही.

टप्पा ४: सांगाडा, वाक्यं नंतर

आता कागदावर फक्त कृतींचे क्रमांक आणि एकेक क्रियापद. १. जागा ठरवा. २. पाला सारा. ३. खणा. एवढंच. सांगाडा भिंतीवर चिकटवा आणि पुढच्या गोष्टी शोधा.

पहिली, पुन्हा पुन्हा होणाऱ्या कृती. पाला सारण्यापासून काप घमेल्यात ठेवण्यापर्यंतचं काम दहा वेळा होतं, मिसळणं मात्र एकदाच. सांगाड्यात ही सीमा दिसायला हवी.

दुसरी, अटी. 'माती ओली असेल तर' हे कृतीच्या आधी यायला हवं, नंतर नाही. 'पिशवीत भरा' वाचून झालं की वाचक भरून मोकळा होतो. खालच्या ओळीत 'परंतु माती ओली असल्यास प्रथम वाळवावी' हे त्याला पिशवीची गाठ मारल्यावर दिसतं.

तिसरी, इशारे. आपल्याकडे सगळे इशारे पत्रकाच्या शेवटी 'महत्त्वाच्या टिपा' म्हणून एकगठ्ठा देतात. शेवटी दिलेला इशारा अपघातानंतर वाचला जातो. तो ज्या कृतीचा आहे तिच्या लगेच आधी लिहायचा. यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये इशाऱ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: जिवाला हमखास धोका, जिवाला धोका होऊ शकतो, किरकोळ इजा, आणि फक्त वस्तूचं नुकसान. मराठीत 'धोका', 'इशारा', 'सावधान', 'सूचना' हे शब्द लोक कसेही वापरतात. वर्गाने कुठल्या पायरीला कुठला शब्द हे एकदा ठरवावं आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं.

टप्पा ५: मराठी वाक्याचे पाच सापळे

इंग्रजी टेक्निकल रायटिंगच्या पुस्तकांतले नियम मराठीवर जसेच्या तसे चढवले की इथे फसगत होते. आपल्या भाषेचे सापळे वेगळे आहेत, म्हणून या टप्प्याला पूर्ण दोन तास द्या.

पहिला सापळा 'ऊन', म्हणजे 'करून', 'घेऊन' यांच्या शेवटी येणारा प्रत्यय. एका गटाचं मूळ वाक्य बघा: 'शेतात नागमोडी पद्धतीने फिरून ठिकठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून खड्डा खणून त्याच्या बाजूची माती खरवडून घमेल्यात घेऊन चांगली मिसळून घ्यावी.' वाचायला गुळगुळीत आहे. पण यात सहा 'ऊन' आहेत, म्हणजे सहा कृती एका वाक्यात दडल्या आहेत. त्यात कुठल्या दहा वेळा करायच्या आणि कुठली एकदा, हे कळायला मार्ग नाही. एका वाचकाने प्रत्येक खड्ड्यानंतर घमेलं घुसळलं. बिचाऱ्याचा तास गेला.

दुरुस्त रूप असं झालं:

४. पालापाचोळा हाताने बाजूला करा.
५. व्ही आकाराचा खड्डा खणा. खोली २० सेंटीमीटर.
६. खड्ड्यातली सगळी माती बाहेर काढा. ही माती नमुन्याची नाही.
७. खड्ड्याच्या एका उतारावरून, काठापासून तळापर्यंत, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जाडीचा काप घ्या.
८. काप घमेल्यात ठेवा.
९. कृती ४ ते ८ उरलेल्या नऊ ठिकाणी करा.
१०. आता घमेल्यातली माती मिसळा.

मुलांना सांगायचा नियम सोपा आहे: एका वाक्यात एकापेक्षा जास्त 'ऊन' दिसला की वाक्य तोडा. विमानांच्या देखभाल पुस्तिकांसाठी जी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश वापरतात, तिच्यात कृतीच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे आपले २० शब्द फार लांब जातात. मी १२ वर थांबवतो.

दुसरा सापळा क्रियापदाचं रूप. एकाच पत्रकात 'खड्डा खणावा', 'माती घेणे', 'मिसळून घ्या' आणि 'पाठविण्यात यावे' असे चार सूर लागतात. शेवटचा कचेरीतून आलेला. 'पाठविण्यात यावे' मध्ये पाठवणारा कोण हेच नाहीसं होतं. कृतीला सगळीकडे 'करा' हे रूप ठेवा. ते उद्धट वाटतं अशी शंका मुलं काढतात. वाटत नाही, 'करा' आदरार्थीच आहे.

तिसरा, नकार. मराठीत 'नका' वाक्याच्या शेवटी येतं. 'गोळा केलेला नमुना खताच्या रिकाम्या गोणीत किंवा शेणाच्या पाटीत भरू नका' हे वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत नेमकं उलटं सांगत असतं. घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात 'रिकाम्या गोणीत भरू' एवढंच राहतं. आधी काय करायचं ते सांगा, मग काय चालत नाही ते: 'नमुना कापडी पिशवीत भरा. खताची गोणी चालत नाही, तिच्यातलं खत नमुन्यात मिसळतं.' कारण सहा शब्दांत देता आलं तर द्या, कारण कळलेला माणूस सूचना मोडत नाही.

चौथा, दुहेरी अर्थाची क्रियापदं. 'टाका' वर आलंच. 'काढा' म्हणजे बाहेर काढा, उतरवा किंवा रेखाटा. 'सोडा' म्हणजे वाहू द्या किंवा वगळा. 'दोन ओळी सोडून पाणी सोडा' हे वाक्य शेतकरी समजून घेईल, पण तो त्याचा चांगुलपणा. 'लावा' तर दार, मोटर, रोप आणि चिठ्ठी या सगळ्यांना लागतं. अशा शब्दांची यादी वर्गाच्या भिंतीवर वाढवत न्या. तारखांमध्ये 'परवा' कधीही लिहू नका, मराठीत तो मागेही असतो आणि पुढेही.

पाचवा, मोघम मापं. नीट, योग्य, थोडं, पुरेसं, आवश्यकतेनुसार. हे शब्द दिसले की त्यांच्या जागी आकडा टाका, आणि आकडा शक्य नसेल तर डोळ्यांना दिसणारी खूण: 'ढेकळं हरभऱ्याएवढी होईपर्यंत फोडा.' आकडा दिला तरी तो वाचकाच्या भांड्यात द्यावा लागतो. फवारणीची मात्रा बऱ्याचदा '१० लिटर पाण्यात २० मिली' अशी छापतात, पण पाठीवरचा पंप १५ किंवा १६ लिटरचा असतो आणि शेतकरी पंपात मोजतो. मग पंपाला २० मिली पडतं आणि औषध पातळ होतं, किंवा अंदाजाने झाकण भरून जास्त पडतं. '१५ लिटरच्या पंपाला ३० मिली' असं लिहिलं की बेरीज-गुणाकार तुमच्या टेबलावर होतो, बांधावर नाही. ओआरएसच्या पुड्यांचंही तेच. एक लिटरची पुडी वेगळी, २०० मिलिलिटरची वेगळी. 'एक पुडी पाण्यात मिसळा' असं लिहिणाऱ्याने घात केलाच म्हणून समजा.

तपासा: पत्रक मोठ्याने वाचा. दुसऱ्याने डोळे मिटून ऐकत फक्त हातवारे करायचे. हात जिथे थांबेल ती ओळ मोडकी.

टप्पा ६: परक्या वाचकाची चाचणी

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त गुण ठेवतो आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो.

१. वाचक एका वेळी एकच. तिघांना एकत्र उभं केलं की दोघं तिसऱ्याचं बघून करतात.

२. सुरुवातीला एकच वाक्य बोला: 'काका, ही परीक्षा तुमची नाही, आमच्या कागदाची आहे.' हे सांगितलं नाही तर वाचक चूक लपवतो.

३. त्यानंतर लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बोट दाखवायचं नाही. मान हलवायची नाही. बोलला तर चाचणी रद्द, नवा वाचक. हा नियम क्रूर वाटतो, पण कागदासोबत लेखक गावोगाव जाणार नसतो. मी लिहिणाऱ्यांना हात मागे बांधून उभं राहायला सांगतो, कारण वाचक चुकू लागला की हात आपोआप पुढे येतात.

४. गटातला एक जण तीन गोष्टी नोंदवतो: कृती क्रमांक, वाचकाने प्रत्यक्षात काय केलं, किती वेळ थबकला. 'गोंधळला' असं लिहायचं नाही. 'कृती ७ दोनदा वाचली, खड्ड्याच्या तळातून माती घेतली' असं लिहायचं.

५. संपल्यावर 'समजलं का?' हे विचारू नका. आपल्याकडे या प्रश्नाला 'हो' शिवाय उत्तर नसतं, विशेषतः समोर सर उभे असताना. विचारायचं ते असं: 'सातव्या ओळीला थांबलात, तेव्हा मनात काय आलं?'

६. तिसरी चाचणी वाचून दाखवून घ्या. मुलगा मोबाइलवरून वाचतो आणि वडील करतात, हे घरोघर चालतं. कानाने ऐकणाऱ्याला मागे जाऊन ओळ बघता येत नाही. डोळ्याने वाचताना चाललेलं पत्रक इथे हमखास अडखळतं.

थांबा: वाचक चुकल्यावर मुलं हसतात. पहिल्याच हसण्याला चाचणी थांबवा. मेसच्या मावशी एकदा खजील झाल्या की पुढच्या वर्षी येत नाहीत.

ऑनलाइन वर्गात काय बदलतं

टप्पे तेच राहतात, पण हात दिसत नाहीत, आणि इथे तर हातच बघायचे असतात. म्हणून चाचणीच्या वेळी वाचकाचा कॅमेरा चेहऱ्यावर नको, कामावर हवा. मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवून खाली वळवला की भागतं. नेट तुटतं अशा ठिकाणी व्हिडिओ कॉल सोडून द्या. वाचकाच्या घरातल्या कुणीतरी पाच मिनिटं चित्रीकरण करून रात्री पाठवलं तरी चालतं.

विषयही घरात होणारा निवडा. मातीऐवजी कुंडीत रोप लावणं, सायकलची उतरलेली चेन चढवणं किंवा वीजमीटरचं रीडिंग वाचून नोंदवणं.

लेखनासाठी सामायिक गूगल डॉक ठेवा आणि आवृत्तीचा इतिहास बघत राहा. कोणी किती लिहिलं ते तिथे दिसतं, भांडणं मिटतात. मुलं मोबाइलवर बोलून टाइप करतात. त्यात काही गैर नाही, पण विरामचिन्हं गळतात आणि 'ऊन'ची माळ तयार होते, कारण बोलताना आपण तसंच बोलतो. टप्पा ५ ऑनलाइनला म्हणूनच आणखी कडक ठेवावा लागतो.

व्हिडिओ धडा लिहायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे संहिता दोन रकान्यांत लिहितात: एकात पडद्यावर काय दिसतं, दुसऱ्यात काय बोललं जातं. आणि रेकॉर्डिंगआधी ती नवख्या माणसाकडून करून बघितली जाते. मराठी धडेही तिथे आहेत, मुलांना एखाद्या धड्याचे दोन रकाने उलटे लिहून काढायला लावा.

एकट्याने शिकणाऱ्यांना, विशेषतः सॉफ्टवेअरकडे जायचं असेल तर, गूगलचा टेक्निकल रायटिंगचा मोफत अभ्यासक्रम इंग्रजीत आहे आणि सरावासकट आहे. तो करा, पण त्याने टप्पा ६ चुकत नाही. वर्ग नसेल तर घरातला माणूस वाचक.

टप्पा ७: दुरुस्ती आणि गुण

चाचणीची नोंद समोर ठेवूनच दुरुस्ती करायची. प्रत्येक बदलासमोर कुठल्या वाचकाच्या कुठल्या थबकण्यामुळे तो केला ते लिहायचं. तिघांपैकी एकच अडला तरी ओळ बदला. 'तो वाचकच तसा होता' हे कारण वर्गात एकदा तरी ऐकू येतं. ते मान्य करू नका.

लाल पेन या टप्प्याआधी बाहेर काढायचं नाही. शुद्धलेखन महत्त्वाचं आहेच, पण पहिल्या मसुद्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा केल्या की मुलं तेवढंच दुरुस्त करून पुन्हा देतात आणि मोडकी ओळ सुंदर अक्षरात तशीच राहते.

२५ गुणांची माझी वाटणी अशी: निरीक्षणाची वही ५, शब्दसूची ३, पहिला मसुदा ३, चाचणीची नोंद ७, दुरुस्त पत्रक ७. पहिल्या मसुद्याला इतके कमी गुण का, असं पालकही विचारतात. जास्त ठेवले की मुलं तो कुणाकडून तरी आयता आणतात. चाचणीची नोंद आयती आणता येत नाही. पहिल्या मसुद्यातल्या चुकांचे गुण कापू नका. चाचणीत एकही चूक सापडली नाही असं लिहिणाऱ्या गटाचे मात्र बेलाशक कापा.

पत्रकाच्या तळाशी तारीख, आवृत्ती क्रमांक आणि किती वाचकांवर तपासलं तो आकडा छापा. मग ते फाइलला लावून ठेवू नका. पुढच्या जूनमध्ये नवी बॅच आली की त्यांचा पहिला तास या पत्रकाने सुरू करा: खुरपी आणि पत्रक हातात द्या, तुम्ही गप्प बसा. आमच्या पत्रकात ती ओळ आता 'समोरासमोरचे दोन भाग उचला आणि खड्ड्यात परत ओता' अशी आहे. मागच्या बॅचने तिथेही विचारलं, 'सर, कुठल्या खड्ड्यात?'